हजार रुपये भरले म्हणजे सुटलो, असं समजू नका

रात्री बारबाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी पोलिसांना फोन केला, पोरगा चौकीत बसला. घरच्यांची धडपड एकच: काय तो दंड भरा आणि मिटवून टाका. पण कोर्टातला दंड म्हणजे ट्रॅफिकची पावती नव्हे. गुन्हा कबूल करून दंड भरला की ती दोषसिद्धी झाली, मग रक्कम शंभर असो की हजार. आणि कबुलीनंतर अपिलाचं दार जवळजवळ बंदच होतं.

म्हणून "किती भरायचे?" हे नंतर. आधी विचारा, "कलम कोणतं लावलंय?"

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ (दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन) असेल तर प्रकरण खरंच किरकोळ आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५१० मध्ये दंड होता १० रुपये. १ जुलै २०२४ पासून १,००० रुपयांपर्यंत दंड, २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा समाजसेवा. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे एनसी (नॉन-कॉग्निझेबल), वॉरंटशिवाय अटक नाही, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. शिवाय नुसतं पिऊन रस्त्यानं जाणं यात बसत नाही. कुणाला तरी त्रास होईल असं वागणं दाखवावं लागतं. तो त्रास कुणाला झाला, त्याचा जबाब कागदावर आहे का, हे वकिलाला पाहायला सांगा.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा "पंच्याऐंशी एक" लागतं. म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चं कलम ८५(१), दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालण्याचं. इथली कैद तासांत नाही, महिन्यांत मोजतात. आणि त्या रात्री हुज्जत घालताना पोलिसाच्या कॉलरला हात गेला, तर न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी बळजबरी): दखलपात्र, अजामीनपात्र, दोन वर्षांपर्यंत कैद. सोबतच्या मित्रांनी त्या क्षणी त्याला धरून गप्प बसवणं हीच सगळ्यात मोठी मदत.

मेडिकलचा कागद नीट वाचा. सरकारी दवाखान्यात डॉक्टर तोंडाचा वास घेतात, डोळ्यांच्या बाहुल्या बघतात, चालायला लावतात, बोलणं अडखळतंय का ते लिहितात. "मद्य प्राशन केले आहे, परंतु अमलाखाली नाही" या ओळीनं केसचा रंगच बदलतो. नुसता वास, झोकांड्या आणि बाहुल्या यांवरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, रक्त-लघवीची तपासणी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच बच्चूभाई करयानी खटल्यात सांगितलंय. दारूबंदी कायद्याखालचे रक्त घेण्याचे १९५९ चे नियमही काटेकोर आहेत. ५ सीसी रक्त, आणि सुई टोचण्याआधी कातडी अल्कोहोलनं पुसायची नाही. हात सवयीनं स्पिरिटच्या बोळ्याकडे जातो आणि नमुना तिथंच संशयात सापडतो. त्याच कायद्याचं विनापरवाना पिण्याचं कलम ६६(१)(ब) जोडलं असेल तर रक्तातलं प्रमाण ०.०५ टक्क्याच्या वर आहे की खाली, तेही बघा.

माझं ठाम मत: वकिलाशी बोलल्याशिवाय "गुन्हा कबूल" म्हणू नका. कोर्टाच्या व्हरांड्यात "कबूल म्हणा, पाच मिनिटांत मोकळे" असं सांगणारे भरपूर भेटतात. पुढे नोकरीचा साक्षांकन नमुना (आपल्यावर गुन्हे आहेत का वगैरे माहिती लिहून देण्याचा फॉर्म) भरताना त्यांतला एकही शेजारी नसतो. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे वकिलासाठी अर्ज करा.

चूक झालीच असेल आणि कबूल करायचीच असेल, तर परिवीक्षा अधिनियम (प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट), १९५८ च्या कलम ३ खाली समज देऊन सोडण्याची विनंती आधी करा. पहिलाच गुन्हा आणि दोन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर कोर्टाला तो अधिकार आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. या कलमाची कोर्टात कुणी आपणहून आठवण करून देत नाही, याचा राग येतो.

साक्षांकन नमुन्यात विचारलं असेल तर खरं लिहा. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयानं क्षुल्लक गुन्हा लपवला तरी त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला ठेवली आहे. पण ती मुभा आहे, तुमचा हक्क नाही.

निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दोन प्रती घ्या, एक घरच्या फायलीत ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशनला "केसचं काय झालं?" असं विचारतात, तेव्हा तोंडी उत्तर चालत नाही.