रॉकेल, तंबाखू आणि चांदीचा कागद: वायपरच्या त्या फॉरवर्डबद्दल

परवा बाबांचा फोन आला, ताम्हिणी घाटातून. गाडी कडेला घेतलेली, बाहेर धो धो पाऊस. "काचेवर साय धरल्यासारखं झालंय रे, वायपर मारला की आणखीच पसरतंय." खोदून विचारल्यावर कळलं की निघण्याआधी त्यांनी वायपरच्या रबराला पेट्रोल चोळलं होतं. चोळायचं होतं रॉकेल, पण ते आता घरात असतं कुणाच्या?

ही अक्कल आली आमच्या घरच्या ग्रुपवरून. 'पावसाळ्याआधी वाचाच! वायपरचे पैसे वाचवणारे सात उपाय, शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत.' पाठवणारे मामा. खाली अठरा अंगठे, त्यातला एक बाबांचा.

पहिला उपाय तोच: रबर कडक झालं की रॉकेल चोळा, नव्यासारखं मऊ होतं. मऊ होतं हे खरं. भिजवलेला पापडही मऊ होतो. रॉकेल-पेट्रोल रबरात शिरतं आणि रबर फुगतं. बाबा परतल्यावर मी त्या ब्लेडवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि जी कड सरळ धारेची हवी ती लाटांसारखी वेडीवाकडी लागली. काचेवरचं पाणी ती धारच ओढते, बाकीचं ब्लेड तिला धरून ठेवण्यापुरतं. बाबांची गाडी ह्युंदाईची. तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तिकेत सरळ लिहिलंय की ब्लेडवर किंवा त्याच्या आसपास पेट्रोल, रॉकेल, थिनर असलं काहीही वापरू नका. म्हणजे 'कधीच सांगणार नाहीत' ते कंपनीने छापून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. उघडतंय कोण!

दुसरा, रबराला पॉलिश पेपर मारा. नको. कड गोल होते आणि घसरण्यासाठी दिलेला वरचा थरही जातो. तिसरा, डावं-उजवं ब्लेड अदलाबदल करा. बहुतेक गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते, मामा.

चौथा मात्र चीड आणणारा आहे. 'वायपरचा फ्यूज सारखा उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवा, परत कधी उडणार नाही.' नाहीच उडणार. त्याऐवजी वायर जळेल. फ्यूज उगाच उडत नाही. काचेखालच्या जाळीत पाला साठतो, लिंकेज (मोटरपासून वायपरच्या दांड्यांपर्यंत जोडणाऱ्या सळ्या) गंजून जाम होतं, मोटरला फिरता येत नाही आणि ती भरमसाट करंट ओढायला लागते. अशा वेळी आधी फ्यूज वितळावा, वायर वाचावी, यासाठीच तो तिथे असतो. चांदी बसवली की तापायची पाळी डॅशबोर्डच्या मागच्या वायरिंगवर येते, आणि तिथून धूर यायला लागल्यावर भर पावसात घाटात तुम्ही काय करणार? हा जुगाड काचेच्या नळीतल्या फ्यूजच्या काळातला. हल्लीचे फ्यूज दोन पात्यांचे, रंगावरून अँपिअर कळतात: 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. कुठल्या जागी कितीचा, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर असतं. तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा, एका चहाच्या आसपास पैसे पडतात. तोही उडाला तर फ्यूज बदलत बसू नका, जाम कुठे आहे ते शोधा. 15 च्या जागी 30 चा घालणं म्हणजे चांदीच, फक्त रंगीत.

पाचवा, 'वायपर थांबला म्हणजे मोटर जळली, जुन्या बाजारातून मोटर आणा.' पैसे वाचवायच्या यादीत हा खर्च कसा घुसला देव जाणे. आधी बटण दाबून कान द्या. आत घुर्रर्र आवाज येतोय पण दांडा हलत नाही? मग मोटर जिवंत आहे. दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखालचा नट ढिला झालेला असतो, किंवा लिंकेजच्या सांध्यातला प्लास्टिकचा बुश निसटलेला असतो. आवाजच नाही, तर आधी फ्यूज बघा. वायपर चालतो पण बंद केल्यावर खाली न बसता काचेच्या मधेच थांबतो, तर दोष बहुधा मोटरमधल्या पार्किंग स्विचचा. आणि नुसता थडथडत असेल तर मोटरचा काही संबंध नाही. काचेवर वॅक्स बसलंय, रबर कडक झालंय किंवा दांडा पिळलाय.

सहावा, साबणाच्या पाण्याने काच आणि ब्लेड धुवा. हे बरोबर आहे, पुस्तिकाही तेच सांगते. नवं ब्लेड घेण्याआधी एकदा करून बघाच.

उरली तंबाखू. ओली तंबाखू किंवा कापलेला बटाटा काचेवर चोळला की पाण्याचे थेंब न धरता पातळ पडदा होतो आणि थोडा वेळ दिसतं. ट्रकवाले करत आलेत. बरं, मानलं. पण ते वायपर मेल्यावर हळूहळू जवळच्या टपरीपर्यंत पोचण्यापुरतं. जोराचा पाऊस ते धुऊनच नेतो.

बाबांना नवी ब्लेडं बसवून दिली. (बसवताना काचेवर जाड टॉवेल टाका. ब्लेड काढलेला दांडा स्प्रिंगने सटकन आपटला तर काच जाते.) जुनी पावती शोधायला ग्लव्ह बॉक्स उघडला, तर आत चांदीचा कागद, नीट चौकोनी घडी घातलेला. बाबांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. कुणाकडून मागून आणला, ते अजून सांगत नाहीत.