चष्मा नको, पिवळी पट्टी मोकळी करून द्या

मागच्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. आमच्या शाखेतल्या मंडळींनी वर्गणी काढली होती. मला दिसत नाही, म्हणून स्मार्ट चष्मा घेऊन द्यायचा बेत होता, समोर काय आहे ते कानात बोलून सांगणारा. किंमत ऐकून मी गप्पच झाले. सगळ्यांनी मनापासून केलं होतं, ते आवाजातच कळत होतं. तरी मी नको म्हटलं, त्यापेक्षा शाखेबाहेरच्या फुटपाथवरची पिवळ्या लाद्यांची पट्टी मोकळी करून द्या म्हटलं. दोन दिवस ऑफिसात कुजबुज चालली आहे, एकीने तर विचारलं, "राग आला का गं?" राग नाही. पण कारण मोठं आहे, जेवणाच्या सुट्टीत सांगून होणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, म्हणजे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. शाळेत असताना दिवेलागणीनंतर ठेचकाळायला लागले आणि तिशीपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा राहिला. पांढरी काठी हातात घ्यायला मात्र मी सहा वर्षं घालवली. आई म्हणायची, चाळीतले लोक काय म्हणतील. त्या सहा वर्षांत दोनदा गटारात पडले. काठी घेतल्यापासून एकदाही नाही.

ही काठी टेकून चालायची नसते. ॲल्युमिनियमच्या चार नळ्या, आतून इलॅस्टिकची दोरी, टोकाला नायलॉनची टिप. उंची साधारण छातीच्या हाडापर्यंत. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकवायचं, उजवा पडताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून होते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकी सैनिकांना चालायला शिकवताना रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली. मला शिकवणारे सर स्वतः अंध होते. ते म्हणायचे, "काठीच्या टोकाला तुझं बोट आहे असं समज." आणि खरंच तसंच होतं. डांबर, लादी, गटाराचं लोखंडी झाकण, ओली माती, प्रत्येकाचा स्पर्श वेगळा आणि आवाजही वेगळा.

पण काठी सांगते ती फक्त पुढच्या दोन पावलांपुरती गोष्ट. बाकीचा रस्ता कान आणि नाक सांगतं. मी लालबागची. मिरची गल्लीजवळ मसाला कुटणाऱ्या डंक्यांची धडधड उजव्या कानाला आली की मी कुठे आहे ते मला कळतं. एप्रिल-मेमध्ये तर मसाल्याच्या खाटाने आधीच शिंक येते. करी रोड स्टेशनजवळ वड्यांचं तेल तापलेलं असतं. फलाटावर अपंगांच्या डब्यापाशी बीप-बीप वाजतं, त्या आवाजाच्या दिशेने जायचं. गाडीत 'पुढील स्टेशन' ऐकत सीएसएमटी. तिथून फोर्टात चालत. पावसाळ्यात मी छत्री घेत नाही. छत्रीवर थेंब वाजायला लागले की बाकीचं काही ऐकूच येत नाही, शिवाय एक हात अडकतो. रेनकोट घालते आणि टोपी मागे टाकते. डोकं भिजलं तर भिजू दे, कान उघडे हवेत.

म्हणून मला चष्मा नको होता. कान एकच काम मनापासून करतो. 'समोर माणूस', 'समोर गाडी' असं कुणी सतत बोलत राहिलं, तर मागून येणारी सायकल कशी ऐकू? त्यात आता बेस्टच्या इलेक्ट्रिक बस आल्या. धूर नाही, छान आहे, पण जुनी डिझेलची बस लांबून घरघरत यायची, ही अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. कानावरचा भार आधीच वाढला आहे.

यंत्रांवर माझा राग नाही, गैरसमज नको. ही पोस्ट मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून मोबाइलवरच लिहिते आहे. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आहे, २०२० पासून, मी वापरते. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन २०१४ मध्ये आली. ती अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे तीन मीटरपर्यंत हेरते आणि काठीची मूठ थरथरते. ही गरज किती खरी आहे ते माझ्या भुवईला विचारा. मागच्या जुलैमध्ये फुटपाथवरच्या विजेच्या पेटीचं दार अर्धवट उघडं होतं. काठी त्याच्या खालून निघून गेली, मी नाही गेले. चार टाके पडले. तेव्हा हातात स्मार्टकेन असती तर बहुतेक वाचले असते.

पण आमच्या शाखेबाहेरच्या फुटपाथवर ती काठी चालवली तर मूठ थांबायचीच नाही. तिथे पिवळ्या लाद्यांची पट्टी आहे. कुणीतरी योग्य विचार करून बसवलेली. या लाद्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळ पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा धोका आहे. रंग पिवळा, कारण थोडं दिसणाऱ्यांना तो लगेच दिसतो. काठीची टिप रेघांच्या खाचेतून सरकवत न्यायची. एवढं साधं आहे, बॅटरी लागत नाही, दुरुस्ती जवळपास नाही. आणि आमच्या पट्टीवर रोज अकरा दुचाक्या उभ्या असतात. काठीने मोजल्यात. त्यातल्या निम्म्या आमच्याच शाखेतल्या माणसांच्या.

मी हे केक कापताना सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, पैसे परत घ्या आणि मला गाड्या हलवून द्या, हीच भेट. खोली एकदम शांत झाली. मला वाईट वाटलं, कारण कुणी मुद्दाम केलेलंच नव्हतं. रोज त्याच लाद्यांवरून चालणाऱ्यांना त्या नक्षी वाटत होत्या. 'पाय घसरू नये म्हणून असतील' असं एकाला वाटत होतं. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, त्यात रस्ते आणि इमारती आम्हाला वापरता येतील अशा असाव्यात हे लिहिलेलं आहे, पण लादी कशासाठी हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मीच कधी सांगितलं नव्हतं. ते माझंही राहून गेलं.

आणखी एक, सांगतेच आहे तर. रस्ता ओलांडताना मदत करायची असेल तर माझी काठी धरू नका. काठी धरली की माझं बोटच धरलं. दंड पकडून ओढूही नका. "ताई, येताय का?" असं विचारा आणि तुमचं कोपर द्या, मी ते धरून अर्धं पाऊल मागे चालेन. तुम्ही वळलात, थांबलात, पायरी चढलात, सगळं मला कोपरातून कळतं. लालबागमध्ये गणपतीत मांडवाच्या बांबूंनी माझा सगळा रस्ता बदलतो, तेव्हा मंडळाची मुलं अशीच नेतात, कुणी शिकवलेलं नसताना.

आज सकाळी अकरापैकी सात गाड्या नव्हत्या. काठीची टिप खाचेत बसली आणि सरळ गेली. मी पावलं मोजली, एकोणीस. विसाव्याला स्कूटर. हात लावला तर इंजिन अजून गरम होतं, म्हणजे मालक जवळपास असणार. थांबले. चहाच्या टपरीवरून एक जण आला. "मॅडम, बाजूने जा ना, जागा आहे."

"दादा, तुम्ही माझ्या रस्त्यावर उभे आहात."

"कुठे आहे रस्ता?"

"चप्पल काढून बघा."

त्याने काढली. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग स्टँड निघाल्याचा आवाज आला. उद्या ती स्कूटर पुन्हा तिथेच असली तर मी पुन्हा थांबेन.