खिळ्याविना कॅलेंडर

दादरच्या जुन्या चाळीत आमच्याकडे एकच पंखा होता आणि तो सगळ्यांना सारखाच गरम वारा घालायचा. मग रीडेव्हलपमेंट झाली, इंटिरियरवाल्या बाई आल्या आणि "भिंतीवर स्प्लिट फारच बटबटीत दिसतो हो" म्हणत त्यांनी डक्टेबल एसी आमच्या गळ्यात मारला. फॉल्स सीलिंगच्या पोटात चार टनांचं एकच धूड आणि तिथून तीन खोल्यांना डक्ट, म्हणजे हवेचे बोगदे. एक टन म्हणजे चोवीस तासांत ९०७ किलो बर्फ वितळून जितका गारवा देईल तितका, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे आमच्या घरात दिवसाला साडेतीन हजार किलोंच्या वर बर्फ! ससून डॉकवरच्या पापलेटांची सोय झाली असती.

पण तो सगळा आईच्या खोलीत. तिची खोली मशीनला खेटून, त्यामुळे भर मे महिन्यात ती कानटोपी घालून जपाला बसायची. आमची बेडरूम डक्टच्या पार टोकाला, त्यात पश्चिमेची भिंत. ती रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली. तिकडे १९, इकडे ३०. थर्मोस्टॅट हॉलमध्ये. हॉल २४ झाला की तो मशीन थांबवून मोकळा, आमच्या सेक्रेटरींसारखा. त्यांच्या नळाला पाणी आलं की बिल्डिंगची तक्रार मिटते.

मेलबर्नच्या मेहुण्याला फोन केला. त्यांच्याकडे हिवाळ्यात डक्टमधून गरम हवा येते. "आमचं उलटं रे," तो म्हणाला, "गरम हवा वर चढते. माडीवर पोरं बनियनवर, खाली आम्ही रजईत." उपाय काही सांगितला नाही, पण बरं वाटलं.

शेवटी मीच घोड्यावर चढलो आणि आईच्या खोलीतली जाळी बंद केली. तिची हवा आपोआप आपल्याकडे येईल, असा सरळ हिशेब. हवा आली नाही. हॉलच्या जाळीतून शिट्टी वाजायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फॉल्स सीलिंगमधून थेट आमटीच्या पातेल्यात टप्, टप्. हवा पुरेशी न फिरल्यानं मशीनच्या कॉइलवर बर्फ साचला होता. तोच आता वितळत होता.

मेकॅनिक आला. हत्यारांची पिशवी न उघडताच म्हणाला, "अगरबत्ती है क्या?" आईला माणूस एकदम आवडला. तिनं उदबत्तीबरोबर निरांजनही आणलं. त्यानं आमच्या जाळीखाली उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, जराही हलला नाही. "साब, हवा जाएगा तो वापस किधर से आएगा?" असं पुटपुटत तो पॅसेजमध्ये गेला आणि कॅलेंडरसमोर थांबला.

नव्या रंगाच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद. म्हणून आईनं पॅसेजमधल्या मोठ्या जाळीच्या पट्टीत आकडा अडकवून कॅलेंडर टांगलं होतं. "इतक्या फटी आहेत, मग खिळा कशाला?" आणि ते भिंतीला कसं छान चिकटून राहायचं! जुन्या घरातल्यासारखं फडफडायचं नाही. आम्ही कौतुक करायचो. ती रिटर्नची जाळी होती. मशीन जीव खाऊन हवा ओढत होतं आणि एप्रिल-मे आडवे आले होते.

बाकीचं दोन तासांत झालं. इलेक्ट्रिशियननं लाइट बसवताना आमच्या खोलीचा डक्ट नळीसारखा मुरगळून ठेवला होता, तो सरळ केला. आईची जाळी पुन्हा उघडून तिच्या फाट्यावरचा डॅम्पर, म्हणजे डक्टच्या आतली झडप, थोडासा मिटला. बंद दाराआड हवा कोंडू नये म्हणून सुताराकडून आमचं दार खालून बोटभर तासून घेतलं. (आता बाहेरचं सगळं ऐकू येतं. आतलंही.) पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आला. आमची खोली २५ वर आली, आईची कानटोपी ट्रंकेत गेली.

चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी हॉलमध्ये मशीन थांबेचना. सोफ्यावर सगळे गारठून बसलेले आणि समोर, दिवाबत्तीच्या शेल्फच्या बरोब्बर वर, कॅलेंडर. पुन्हा खिळ्याशिवाय.

"ती पांढरी डबी आहे ना भिंतीवर," आई म्हणाली, "तिला दोरा मस्त अडकतो."