कंसात 'ओसरी' का लिहीत नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतोय. इतरांसाठी तिचा मथितार्थ असा: घराच्या भागांवरच्या लेखात ढाळज, सोपा, खळं असले शब्द मी उगाच मिरवले. हे सगळे ओसरी, अंगण, माजघर यांचेच गावठी अपभ्रंश, तेव्हा कंसात प्रमाण शब्द देऊन मोकळं व्हावं. शिवाय हे शब्द वाडेवाल्यांचे. एका खोलीत संसार करणाऱ्याला कसली आलीय ढाळज? आणि आता ती घरंच पडली, तर शब्द कुरवाळून काय मिळणार?

अपभ्रंशाचं आधी उरकतो. तुम्ही 'माजघर' प्रमाण धरलंय. त्यातला 'माज' प्राकृत 'मज्झ'वरून आलेला आहे. तुमचीच पट्टी लावायची तर 'मध्यगृह' म्हणावं लागेल. एकदा घरी म्हणून बघा.

आता कंसाचं. ढाळज म्हणजे ओसरी नव्हे. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या जुन्या घरात मोठ्या दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना बसायला उंच कट्टे आणि मधून वाट, ती ढाळज. आलागेला तिथेच बसतो, हिशेब तिथेच होतात, आणि घराच्या आतल्या चौकात काय चाललंय ते तिथून नीट दिसत नाही. दिसू नये अशीच ती बांधलेली असते. ओसरी चौकाकडे उघडी असते. म्हणजे एक जागा घर झाकणारी आणि दुसरी घराकडे तोंड करून बसलेली. कोल्हापूरकडचा सोपा आणखी निराळा. तिथे पुढचा सोपा, मधला सोपा असं घर आत आत जातं, आणि कोण पाहुणा कुठल्या सोप्यापर्यंत येतो यावरून नातं कळतं. ढाळज आणि सोपा या दोन्हींपुढे कंसात 'ओसरी' लिहिली तर वाचकाला दोन्ही घरं एकच वाटतील. ती सोय नाही, चुकीची माहिती आहे.

घरं वेगळी का, हे पाऊस सांगतो. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस. सोलापुरात त्याचा पाचवा हिस्सा. म्हणून कोकणात उतरतं छप्पर, वासे, रिपा, कौलं. सोलापूरकडे माळवद: तुळया, त्यांवर किलचाण, मग पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चोपायची. माळवदावर शेवया-पापड वाळतात, उन्हाळ्यात माणसं झोपतात. त्यात उजेडासाठी आणि धूर जायला ठेवलेलं भोक म्हणजे साणं. कुठे त्याला सवणं म्हणतात. आता या साण्याला प्रमाण शब्द द्या बघू. 'खिडकी' म्हणाल तर ती भिंतीत असते. 'धुराडं' म्हणाल तर त्यातून ऊन खाली उतरत नाही. पुण्या-मुंबईच्या घरांना साणं नव्हतं म्हणून त्या बोलीला शब्दाची गरज पडली नाही, एवढंच.

खळ्याचं तर विचारूच नका. देशावर खळं म्हणजे मळणीची जागा, शेतात. मालवणकडे खळा म्हणजे घरापुढची जागा. पावसाळा सरला की ती नव्याने चोपायची, शेणाने सारवायची, वर माटव म्हणजे मांडव घालायचा, आणि तुळशीचं लग्न लावायचं ते तिथेच. नाशिक-खानदेशात कित्येक गावांत खळं घरापासून निराळं, त्यात बैल, चारा, अवजारं. आता प्रत्येक ठिकाणी कंसात 'अंगण' लिहू? 'वाडा' हा शब्द घ्या. पुणेकराला चौसोपी वाडा दिसतो, कोकणातल्या माणसाला गुरांचा. 'ओटा' म्हटलं की शहरात गॅसची शेगडी आठवते. गावाकडे दारापुढच्या ओट्यावर म्हातारे झोपलेले असतात. (आणि मोरी! मालवणात 'मोरीचं मटण' ऐकून दचकू नका. तिथे मोरी म्हणजे शार्क मासा.)

तुमचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ढाळज, देवडी, चौक हे ऐपतवाल्यांच्या घरातलेच शब्द, यात वाद नाही. पण ते झाकून ठेवून काय साधणार? कोणी ढाळजेत थांबायचं, कोणी खाली उभं राहायचं आणि कोणाला दाराशीही यायची मुभा नव्हती, हे त्याच शब्दांनी सांगता येतं. सरसकट 'ओसरी' केलं की तो इतिहास पुसला जातो. आणि सगळेच शब्द वाड्यातले नाहीत. 'खण' घ्या. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. गरिबाचं घर दोन खणांचं, पाटलाचं जास्त खणांचं, मोजमाप एकच. कूड, उंबरा, चुलीशेजारचा वैल हे एका खोलीतही असायचे. वैलावर तर त्या घरात जास्त भिस्त, कारण एकाच लाकडावर भाकरी व्हायची आणि कालवण गरम राहायचं.

राहिली पडलेली घरं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. नंतर 52 गावं नव्या जागी, आखलेल्या रांगांमध्ये वसवली. तिथल्या कुणालाही माळवदाचे गोडवे ऐकवायची माझी हिंमत नाही, आणि लेखात मी ते गायलेलेही नाहीत. पण घर पडलं तरी कागद राहतात. जुनी वाटणीपत्रं काढून बघा: 'पश्चिमेकडील दोन खण धाकट्याकडे, सोपा सामाईक, परड्यातून येण्याजाण्याची वाट सामाईक' अशी भाषा असते; परडं म्हणजे घरामागचं परस. आज त्या जागेवर स्लॅब टाकायला निघालेल्या दोन चुलतभावांचं भांडण सोपा कुठे संपतो यावरच अडतं. 'सोपा म्हणजे ओसरी' म्हणून तिथे भागत नाही. एकाची भिंत दुसऱ्याच्या हिश्शात जाते.

म्हणून कंस घालणार नाही. तुमची अडचण मात्र खरी आहे: ज्याने ढाळज पाहिलीच नाही त्याला नुसत्या शब्दाने ती दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून पुढच्या भागापासून प्रत्येक घराचा हाताने काढलेला नकाशा देतोय. पहिला माळवदाच्या घराचा, साण्यासकट. तो बघून काय चुकलं ते इतक्याच कडक भाषेत कळवा.