आफ्रिकन सिनेमा कसा पाहावा, आणि पाहून झाल्यावर काय बोलावं

आमच्या फिल्म क्लबात येणार असाल तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. गेल्या रविवारी आम्ही ‘टुकी बूकी’ दाखवला. सेनेगलचा, १९७३ चा, दिग्दर्शक जिब्रिल डिओप माम्बेती. खुर्च्या मांडायच्या, प्रोजेक्टर लावायचा आणि शेवटी चहाचे कप गोळा करायचे, एवढीच क्लबात माझी पात्रता. पण मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की पडद्यापेक्षा प्रेक्षक जास्त दिसतात. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्या हवाली करतो.

वीस मिनिटं उशिरा या. सुरुवातीला कत्तलखाना आहे, तो चुकतो. शिवाय शेजाऱ्याला ‘आत्तापर्यंत काय काय झालं?’ असं विचारून ओळख वाढवता येते.

सबटायटल मोठ्याने वाचा. सौभाग्यवतींचा चष्मा घरी राहिलेला असतो.

आफ्रिका हा एकच देश आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा. डाकार काय, लागोस काय, सगळीकडे वाळवंट, सिंह आणि गरिबी. दिग्दर्शक सिसाकोच्या ‘हेरेमाकोनो’ या सिनेमात मॉरिटानियाच्या नुआदिबू गावात एक मुलगा युरोपला जायच्या आधी आईकडे येऊन थांबलेला असतो, आणि त्याला तिथली भाषाच येत नाही. जमिनीलगतच्या बुटक्या खिडकीतून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय बघत बसतो. एक लहान पोरगा त्याला एकेक शब्द शिकवतो. म्हणजे गाव सोडायच्या आधीच तो परका. पण इतक्या बारकाव्यात आपण कशाला शिरायचं? आपल्याला ‘सिनेमॅटोग्राफी छान होती’ म्हणायचं आहे, ते कुठल्याही देशाबद्दल म्हणता येतं.

फोन चालू ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘टुकी बूकी’तली जोडी म्हणजे मोरी आणि आंता. तो गुराखी, ती कॉलेजात शिकणारी. त्याच्या मोटारसायकलला पुढे बैलाची शिंगं लावलेली. दोघांना पॅरिसला जायचंय, खिशात दमडी नाही, म्हणून चोऱ्या करत, चोरलेले झकपक कपडे घालून ती बंदरावर पोचतात. आंता बोटीवर चढते. मोरी शिडीपाशी येतो आणि अडतो. मधेच सुरुवातीच्या कत्तलखान्यातली, कापायला ओढत नेलेली गुरं दिसतात. आणि तो वळतो, पळत सुटतो, थेट शहरात. का? माम्बेतीने सांगितलेलं नाही. वर डेकवर गोरे प्रवासी सेनेगलला नावं ठेवत आरामात बसलेत, आंता एकटी उभी आहे, खाली हा धावतोय. नव्वद मिनिटांचा सिनेमा या धावण्यासाठी केलेला आहे.

नेमका तेव्हा तिसऱ्या रांगेत घंटा वाजली. देवळातली घंटा, फोनमधली. काका फोन कापतील असं मला वाटलं. काका उठले, चार जणांच्या गुडघ्यांना धक्के देत दाराशी आले, म्हणजे माझ्या शेजारी, आणि दार अर्धवट उघडं ठेवून बोलू लागले. ‘हां, बोल रे. ब्लू कार्डाचं, तिकडच्या कामाच्या परवान्याचं, काय झालं? … मग वकील कर ना चांगला. पैशाचं बघू आपण. आणि हे बघ, परतबिरत यायचं डोक्यातसुद्धा आणू नकोस. इथे काय ठेवलंय?’

इथे पडद्यावर मोरी परत येऊन आपली मोटारसायकल शोधत होता. ती दुसऱ्याच कुणीतरी पळवून आपटलेली असते. उरलेली असतात फक्त शिंगं.

काका जागेवर गेले आणि शेजारच्यांना म्हणाले, ‘सुटली का बोट?’

आता चर्चेविषयी. संयोजक ‘कुणाला काही प्रश्न?’ म्हणाले की प्रश्न विचारायचा नसतो. माइक दोन्ही हातांनी धरायचा आणि ‘मला प्रश्न नाही, एक निरीक्षण मांडायचंय’ अशी सुरुवात करायची. काकांचं निरीक्षण होतं, की या मुलांनी आपल्याच देशात राहून कष्ट करायला हवेत. पळून जाणं सोपं असतं. टाळ्या पडल्या. काकांच्या मुलाचा वकील फ्रँकफुर्टला आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

कष्ट. बरं. सेनेगलचाच दिग्दर्शक उस्मान सेम्बेन, त्याच्या १९६६ च्या ‘ला न्वार द’ मध्ये डाकारमधली एक मुलगी, दिउआना, रोज जाऊन फुटपाथवर बसते. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर माणसं बसतात तशी, मोलकरणीचं काम मिळावं म्हणून. फ्रेंच बाई येते, बाकीच्या तिच्याकडे धावतात, ही मागे बसून राहते, म्हणून बाई हिलाच उचलते. मुलं सांभाळायला म्हणून पुढे फ्रान्सला नेते. तिथे मुलं बाजूला राहतात. फरशी, भांडी आणि पाहुण्यांसाठी भात एवढंच हाती येतं. फ्रान्स म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खिडकीतून दिसणारा समुद्र. तिने आनंदाने भेट दिलेला मुखवटा मालकांच्या भिंतीवर टांगला जातो. शेवटी ती तो मुखवटा उतरवून घेते आणि न्हाणीघरात जीव देते. मालक तिची पेटी आणि थकलेला पगार घेऊन डाकारला येतो. आई पैशाला हात लावत नाही. हे दाखवणारा सेम्बेन स्वतः मार्सेलच्या बंदरात हमाली करून आलेला होता. कष्टांबद्दल त्याला शिकवायचं असेल तर जरा तयारीने या.

राहून केलेले कष्ट हवेत? तेही आहेत. नायजेरियातल्या एसिरी बंधूंचा २०२० चा ‘एयिमोफे’ पाहा. लागोसमधला मोफे कारखान्यात वायरमनची कामं करतो, त्याला स्पेनला जायचंय. रोझा केशभूषेच्या दुकानात काम करते, तिला इटलीला. एका रात्री मोफेची बहीण आणि तिची मुलं झोपेतच जनरेटरच्या धुराने जातात, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या मागे धावणारा माणूस इस्पितळ, वकील आणि सही-शिक्क्यांच्या मागे धावू लागतो. खिडकी बदलते, रांग तीच. दोघांपैकी कुणीही जात नाही. जावं की राहावं हा प्रश्न पहाटे गच्चीवर उभं राहून, वाऱ्यावर केस उडवत सोडवायचा नसतो हो. तो बँक स्टेटमेंटवर सुटतो. नायजेरियात या निसटण्याला एक योरूबा शब्दच रूढ झालाय, ‘जापा’. पळ काढणे. आपल्याकडे त्यालाच करिअर म्हणतात.

सेनेगलच्या पोरांची घोषणा होती, ‘बार्सा किंवा बार्साख’. म्हणजे बार्सिलोना, नाहीतर परलोक. मासेमारीच्या लाकडी होड्यांतून ती स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघायची. २००६ साली त्या बेटांवर एकतीस हजारांहून जास्त माणसं उतरली, २०२४ साली सेहेचाळीस हजारांहून जास्त. न उतरलेल्यांची यादी समुद्राकडे. होड्या हाकणारे अनेकदा मच्छीमारच, कारण परदेशी ट्रॉलरांनी खरवडल्यावर जाळ्यात यायला मासे उरले नाहीत. (मालवणात हे वाचणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही.)

खायचे पदार्थ आत आणा. कुरकुरीत असले तर उत्तम.

चर्चेला एखादा आफ्रिकन आला असेल तर त्याला उभं करा. परवा एक होता. टांझानियाचा मुलगा, इथे फार्मसी शिकतो, कोपऱ्यात गप बसला होता. ‘तुम्ही सांगा ना तुमच्या संस्कृतीबद्दल,’ असं त्याला इंग्रजीत विचारण्यात आलं. तो हसून म्हणाला, ‘सिनेमा वोलोफ आणि फ्रेंचमध्ये आहे, मीपण सबटायटलच वाचत होतो.’ सगळे हसले. तेवढ्यात काकांनी माइक परत मागितला. ‘इथे कशाला आलास’ हे विचारून झालं. खोली मिळाली का, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येकाने वाचलेलं असतं. आणि मग काकांनी, अगदी प्रेमाने, आजोबांच्या आवाजात विचारलं, ‘पण शिक्षण झालं की परत जाणार ना?’

तो म्हणाला, ‘येस सर.’

मी काय केलं? खुर्च्या उचलल्या. माइक माझ्याच हातात परत आला होता, चालू होता, आणि मी तो बंद करून डब्यात ठेवला. तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो, आणि सूचना-बिचना पुरे झाल्या.

काका, तुमच्या मुलाने जाऊ नये असं मी म्हणत नाही. जाऊ दे, सुखात राहू दे, वकीलही चांगला मिळू दे. पण त्याने परत येऊ नये म्हणून दाराशी उभं राहून गळा काढायचा, आणि पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या पोराला परत कधी जातोस म्हणून विचारायचं, हे कुठलं वळण? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने हातापायांत बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. त्यात तीन महाराष्ट्रातले होते. त्यांना कुणी विचारलं, देशात राहून कष्ट का केले नाहीत? तुम्ही विचारलं असेल. मी नाही विचारलं, माझ्याही घरातलं एक माणूस टोरांटोला आहे.

आणि मोरी मूर्ख नाही. हो, ते पण तुम्हीच म्हणालात, चहा घेताना. ‘तिकीट वाया घालवलं गाढवाने.’ ऐका. मोरी झालेला नट मगाय न्यांग डाकारलाच राहिला, गुरं राखत. माम्बेतीची पुतणी माती डिओप हिने २०१३ साली ‘मिल सोले’मध्ये त्याला पुन्हा पडद्यावर आणलं. त्यात आंता झालेली नटी खरंच देश सोडून गेलेली असते आणि म्हातारा मोरी तिला अलास्कात फोन लावतो. चाळीस वर्षांनी. तो फोन सिनेमात वाजलेला चालतो. तुमचा नाही.

पुढच्या महिन्यात याच माती डिओपचा ‘अटलांटिक’ लावतोय. फ्रान्सच्या कान महोत्सवात २०१९ साली ग्रां प्री हा पुरस्कार मिळालेला. टॉवर बांधणाऱ्या पोरांचा पगार मालक थकवतो, पोरं रात्रीतून होडीने निघून जातात आणि बुडतात. होडी आपल्याला दिसतच नाही, सिनेमा किनाऱ्यावर राहिलेल्या मुलींबरोबर थांबतो. मग पोरांचे आत्मे मुलींच्या अंगात येतात आणि रात्री मालकाच्या घरी जाऊन पगार मागतात. त्याला स्वतःच्या हाताने त्यांची थडगी खणायला लावतात.

सहाला दार बंद होईल. टांझानियाचा मुलगा येणार आहे, मी त्याला सांगितलंय. तुम्ही फोन घरी ठेवून या. जमत नसेल तर येऊ नका, मला एक खुर्ची कमी मांडावी लागेल.