घरातलं बाहेर सांगितलं म्हणून

परवा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. आतेबहिणीने टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर टाकला, १४४१६, त्यावर कराडच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने लिहिलं की ही सगळी परदेशी फॅडं, आपल्याकडे एकत्र कुटुंब होतं, आजी होती, घरातलं घरात निस्तरायचं. बाकीच्यांनी अंगठे टाकले. मी इकडे मेलबर्नमध्ये वाचत होते आणि मला रडू आलं, कारण दादाला पक्कं ठाऊक आहे की आजी असतानाच आमची धाकटी काकू वर्षानुवर्षं माडीवरून खाली उतरली नाही, आणि तिला काय होतंय हे कुणीही विचारलं नाही.

माझं सांगते. २०२१ मध्ये बाबा गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, देशाबाहेर पडायलाही परवानगी लागायची. अंत्यविधी मी मोबाईलवर पाहिला. पुढच्या वर्षी लेक, तेव्हा चौदाची, बोलेनाशी झाली, ताट खोलीत न्यायची, शाळेतून फोन यायला लागले. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन, म्हणजे मानसिक उपचारांचा आराखडा करून मेंटल हेल्थ सोशल वर्करकडे पाठवलं. सोशल वर्कर म्हटल्यावर मी घाबरलेच, वाटलं आता घरी येऊन चौकशी करणार, मुलीला घेऊन जाणार! तसलं काही नसतं. सोशल वर्कची डिग्री, वर मानसिक आरोग्यातला किमान दोन वर्षांचा अनुभव, मग मान्यता, तेव्हा कुठे ते मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यात बसतात, ही सोय इथे २००६ पासून आहे.

तिसऱ्या भेटीला त्या सोशल वर्करने आम्हा तिघांना बोलावलं. घरातली माणसं, इथली आणि कराडची, एका कागदावर गोल-चौकोनांत मांडली, बाबांचा चौकोन लेकीनेच काढला. मग विचारलं, रात्री सगळ्यात शेवटी कोण झोपतं? नवरा म्हणाला, मी. लेक म्हणाली, नाही, आई. भांडी झाली की ती नळ सोडून सिंकपाशी उभी राहते, रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू येतं. मग ती झोपेपर्यंत मी जागी असते.

मला हेच म्हणायचंय, की आपल्याकडे वाद होतो तो एक तर डॉक्टर आणि गोळ्या नाहीतर घरचे बघतील असा, आणि मधलं हे माणूस, जे सगळ्या घराला समोर बसवून ऐकतं, ते कुणाच्या गावीच नसतं. खरं तर ते आपल्याकडे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशाच माणसाचं, सायकिॲट्रिक सोशल वर्करचं, नाव आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट १९३६ पासून समाजकार्य शिकवतेय, पुण्यात १९८६ पासून चाललेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही सामील करून घेतात. फॅड म्हणणाऱ्यांनी हे बघावं ना आधी.

आणि इथे सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. वर्षाला दहा सेशन, आधी सहा, मग पुन्हा जीपीकडे. फीमधला बराच भाग खिशातून जातो. नवरा-बायकोच्या भांडणासाठी गेलात तर मेडिकेअर काही देत नाही, नावावर एक पेशंट लागतोच. घरच्यांना पेशंटशिवाय भेटता येतं, पण ते २०२३ पासून आणि वर्षाला दोनदाच. आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आली होती, तिला तर यातलं काहीच नाही, दिवसभर खिडकीपाशी बसायची, आणि तिला बोलायला मराठी माणूस हवं होतं.

आता ती परत कराडला एकटी आहे. रात्री नळ सुरू ठेवते का ते मला इथून कळत नाही. म्हणून ग्रुपवर काहीच न लिहिता मी सरळ दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, तू दोन गल्ल्या सोडून राहतोस, आज संध्याकाळी आईकडे जा, चहा घे, आणि तिच्याशेजारी बसून तो नंबर तूच लावून दे, तिथे मराठीत बोलतात. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, धाकट्या काकूला कुणी लावून दिला असता तर.