पोरांच्या दंग्याचं खापर साखरेवर फोडू नका

पालकांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. गोड खाल्लं की अर्ध्या तासात मुलं हायपर होतात, खात्री नसेल तर कुठल्याही बर्थडे पार्टीत जाऊन बघा, आई स्वतःच्या डोळ्यांनी बघते ते खोटं कसं असेल, साखरेनेच एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा हा विकार) होतो, आणि साखर बंद केली की मूल निमूट अभ्यासाला बसतं. शाळेत जाणारी दोन पोरं माझ्या घरात आहेत आणि मला हा मेसेज मनापासून खटकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

अर्ध्या तासात हायपर. हे शास्त्रज्ञांनी तपासलंय हो, आणि तेही नीट. १९९४ साली अमेरिकेत मार्क वोलरेच आणि त्यांच्या टीमने मुद्दाम अशीही मुलं घेतली ज्यांचे आईबाप म्हणत होते की आमच्या पोराला साखर चढते. तीन आठवडे भरपूर साखरेचं खाणं, तीन आठवडे अ‍ॅस्पार्टेमचं, तीन आठवडे सॅकरिनचं (ही दोन्ही साखरेऐवजी वापरायची कृत्रिम गोडी), आणि कधी काय चालू आहे हे ना घरच्यांना माहीत ना तपासणाऱ्यांना. वागण्यात फरक पडला नाही. पुढच्या वर्षी याच विषयावरचे २३ प्रयोग एकत्र करून पाहिले, तरी तेच.

बर्थडे पार्टी. अहो, तिथे केक सोडून बाकी काय काय असतं ते बघा ना! फुगे, मोठ्याने गाणी, वर्गातली सगळी गँग एका हॉलमध्ये, झोपेची वेळ टळलेली आणि कुणीही ओरडत नाही कारण पाहुणे आहेत. माझ्या धाकट्याला क्रीम आवडत नाही, त्यामुळे केकची प्लेट तो तशीच टेबलावर ठेवतो, पण फुगा काढायला सोफ्याच्या पाठीवर चढणारा पहिला तोच असतो आणि त्याच्या मागे केक खाल्लेले आणि न खाल्लेले सगळे सारखेच चढतात. उद्या शाळेला सुट्टी असा मेसेज आला तेव्हा आमच्याकडे पलंगावर जो नाच झाला तो बिनसाखरेच्या दुधावर झाला.

आई बघते ते खोटं कसं? खोटं नाहीच, पण आपण काय समजून बघतोय त्याने फरक पडतो, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच १९९४ साली हूवर आणि मिलिच यांनी पाच ते सात वर्षांच्या ३५ मुलग्यांवर आणि त्यांच्या आयांवर प्रयोग केला. एकाही मुलाला साखर दिली नव्हती, पण निम्म्या आयांना सांगितलं की दिलीय. त्या आयांना आपलं पोर जास्त हायपर दिसलं. शिवाय त्या पोराच्या जास्त जवळ जवळ राहिल्या, टोकण्याकडेही त्यांचा कल जास्त होता. म्हणजे असला मेसेज वाचून आपण पोराच्या मागे लागतो, ते वैतागतं, आणि मग आपण म्हणतो बघा चढली साखर.

साखरेने एडीएचडी होतो, हे तर कृपा करून पुढे पाठवू नका. त्यात आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असतो, आणि साखर हे कारण असल्याचा पुरावा नाही. डायरीतले शेरे वाचून वाचून एखादी आई आधीच रडकुंडीला आलेली असते, तिला तूच चॉकलेट देऊन पोर बिघडवलंस असं सुचवणं फार वाईट आहे. तिने डॉक्टरकडे जायचं की डबे लपवत बसायचं?

साखर कमी करायला माझी काहीच हरकत नाही, आमच्याकडेही लिमिट आहे, पण ते दात किडू नयेत आणि वजन वाढू नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय की वरून घातलेली साखर, त्यातच मध आणि ज्यूसमधलीही धरून, रोजच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अजून चांगलं.

राहिला अभ्यास. माझी मोठी गणिताला बसली की आधी पेन्सिलला टोक करते, मग पाणी पिते, मग पाणी प्यायलं म्हणून बाथरूमला जाते, मग रबर हरवतं जे तिच्याच मुठीत असतं. गोड खाल्लेलं असो वा नसो, हा क्रम कधी चुकत नाही. शाळेतून आल्यावर आधी खाली तासभर पळू दिलं तर त्यातलं पाणी आणि बाथरूम गळतं. टोक करणं राहतंच.